खोल्या किती आणि खोली किती? नवं घर बांधताना साठवणुकीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घराचा नकाशा हातात आला की सगळे खोल्या मोजतात. कपाटाची खोली मात्र सुतार येतो त्या दिवशी ठरते, आणि तोवर भिंती, खिडक्या, बटणं सगळं जागेवर बसलेलं असतं. घरांचे आराखडे काढताना लोकांनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न खाली आहेत. मापं फूट-इंचांत दिली आहेत, कारण सुताराशी बोलणं त्यातच होतं. प्लायची जाडी तेवढी मिलिमीटरमध्ये.

साठवणुकीचा विचार कधी सुरू करायचा? सुतार येईल तेव्हा बघितलं तर चालणार नाही का?

चालतं, पण मग सुताराच्या वाट्याला उरलेली जागा येते. भिंतींच्या रेघा पक्क्या व्हायच्या आधी कपाटं नकाशावर आली पाहिजेत. ते जमलं नाही, तर निदान वायरिंगच्या नळ्या भिंतीत जायच्या आधी तरी.

हे मी स्वतःच्या घरात शिकलो. झोपायच्या खोलीतली कपाटं नंतर बघू म्हटलं. इलेक्ट्रिशियनने दाराशेजारी, जिथे असायला हवीत तिथेच, बटणं बसवली. आठ महिन्यांनी त्याच भिंतीला 24 इंची कपाट लागलं आणि बटणं आत गेली. सुताराने कपाटाच्या पाठीला चौकोनी भोक पाडून दिलं. आजही आमच्याकडे दिवा लावायचा तर आधी कपाटाचं दार उघडावं लागतं, मग शर्ट बाजूला सारावे लागतात.

म्हणून नकाशावर नुसता ‘कपाट’ असा शब्द नको. कपाटाच्या खऱ्या खोलीचा आयत काढा, दार उघडल्यावर किती जागा घेतं तो कंस काढा, आणि तोच कागद इलेक्ट्रिशियनला द्या.

एकूण किती साठवण लागेल, हे कसं काढायचं?

घराच्या क्षेत्रफळाच्या दहा टक्के जागा साठवणुकीला द्यावी, असा एक ढोबळ हिशेब सांगितला जातो. मी तो वापरत नाही. कपडे रॉडच्या फुटांत मोजायचे, पुस्तकं फळीच्या फुटांत आणि सुटकेस नगांत. चौरस फुटांवरून यातलं काहीच कळत नाही.

सुट्टीचा एक दिवस काढा आणि टेप घेऊन सध्याच्या घरात फिरा. टांगलेल्या कपड्यांची रांग किती फूट आहे? त्यातले कमरेपर्यंतचे किती, घोट्यापर्यंतचे किती? पुस्तकांची रांग किती? बुटांचे जोड किती? रॉडच्या एका फुटात दहा-बारा शर्ट बसतात, जाड कोट चार-पाचच. एका कुटुंबात चौघांचे मिळून टांगायचे कपडे दीडशे निघाले. म्हणजे दाटीवाटी नको असेल तर साधारण पंधरा फूट रॉड. दोन रॉड एकावर एक लावले तर साडेसात फूट लांबीचं कपाट पुरे. त्यांच्या नकाशात कपाट आठ फुटांचं होतं खरं, पण सगळंच्या सगळं फळ्यांचं. लांबी बरोबर आणि आतली मांडणी चूक, असं फार वेळा होतं.

जो आकडा येईल त्यावर साधारण पाचवा हिस्सा रिकामा धरा. पहिल्याच दिवशी गच्च भरलेल्या कपाटातून एक वस्तू काढायची तर चार खाली येतात.

नव्या घरात जाताना सामान निम्मं करणार आहोत. तेवढंच धरून आखू का?

नको. सध्याचं सामान धरून आखा. निम्मं झालंच तर आनंद आहे.

कपाट जितकं खोल तितकं चांगलं ना? जास्त मावेल.

या एका समजुतीमुळे जितकी जागा वाया जाते तितकी दुसऱ्या कशानेही जात नाही. 24 इंच खोल फळीवर बरण्या ठेवून बघा. पुढची रांग दिसते. दुसऱ्या रांगेत काय आहे ते आठवून सांगावं लागतं. तिसरी रांग घर बदलताना सापडते. मागचं दिसत नाही म्हणून तेच पुन्हा विकत आणलं जातं आणि तेही मागे जातं.

खोली वस्तूवरून ठरवायची. हँगर 16 ते 18 इंच रुंद असतो आणि बाह्या त्याच्या बाहेर येतात, म्हणून टांगायच्या कपाटाला आतून 22 इंच तरी हवेत. बाहेरून ते 24 होतात. घडीच्या कपड्यांना 14 ते 16 इंच पुष्कळ झाले. ए-फोर कागद 21 बाय 29.7 सेंटिमीटरचा असतो, त्यामुळे पुस्तकांच्या फळीला 10 इंच पुरतात आणि जाड फायलींना 12. बुटांना 13-14. किराण्याच्या डब्यांना 12, म्हणजे फार तर दोन रांगा. औषधं आणि दाढी-कंगव्याचं सामान 4-5 इंचांत बसतं. खरोखर 24 इंच किंवा जास्त खोली मागणाऱ्या गोष्टी घरात मोजक्याच: टांगलेले कपडे, अंथरुणं-पांघरुणं, मोठ्या सुटकेस, आणि ओट्याखालचं सामान. बाकी सगळं उथळ कपाटात सुखाने राहतं, आणि उथळ कपाट बोळातसुद्धा बसतं.

आणखी एक. सुतार माप सांगतो ते बहुधा बाहेरचं असतं. बाहेरून 12 इंच म्हटलेल्या कपाटात पाठीचा बोर्ड आणि त्यासाठी सोडलेली खाच धरली तर आत जेमतेम 11 उरतात, आणि दार चौकटीच्या आत बसणारं असेल तर सव्वादहा. तुमचं जेवणाचं ताट 11 इंचांचं असेल तर दार लागत नाही. प्रत्येक वेळी विचारा, ‘आतून किती?’

कपड्यांच्या कपाटात रॉड किती उंचीवर हवा?

शर्ट, पँट, जाकीट यांना रॉडखाली 40 ते 42 इंच लागतात. म्हणून खालचा रॉड साधारण साडेतीन फुटांवर, वरचा सात फुटांच्या थोडा आत. लांब कपड्यांना 60 ते 65 इंच सलग हवेत, पण असे कपडे कमी असतात. त्यांना दोन फूट रुंदीचा एकच उभा कप्पा द्या. रॉडच्या वर दोन-तीन इंच मोकळे सोडा, नाहीतर हँगर उचलून काढताच येत नाही.

सरकती दारं बरी की उघडणारी?

पुढे जागा असेल तर उघडणारी. पूर्ण कपाट एका नजरेत दिसतं, बिजागरी बिघडली तर कुणीही बदलतो. कपाटापुढे तीन फूट असतील तर उत्तम, अडीच फुटांत निभावतं. पलंग मध्ये येत असेल तर सरकती घ्या, पण रुळांसाठी तीन-चार इंच खोली जास्त धरा आणि एका वेळी निम्मंच कपाट उघडतं हे लक्षात ठेवा. आत खण (ड्रॉवर) करायचे असतील तर ते एकाच दाराच्या मागे येतील असे करा. दोन दारांच्या मधोमध आलेला खण कुठूनही बाहेर येत नाही, हे मी एका नव्याकोऱ्या कपाटात पाहिलेलं आहे.

उघडणाऱ्या दारांचा घोळ वर होतो. माळ्याची झडप उघडली की पंख्याच्या पात्याला लागते. झडपेचा कंस आणि पंख्याचा घेर एकाच कागदावर काढले तर हे आधीच दिसतं.

फळ्यांना मध्ये झोळ पडतो. प्लाय हलकं निघालं का?

बहुतेक वेळा प्लाय बरोबर असतं, लांबी चुकलेली असते. एक फूट लांबीच्या पुस्तकांच्या रांगेचं वजन सात-आठ किलो सहज भरतं. 18 मिलिमीटरची फळी दोन फुटांच्या अंतरात हे वजन पेलते, तीन-साडेतीन फुटांत वाकते. सारखा पसरलेला भार असेल तर झोळ लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. दोन फुटांची फळी तीन फुटांची केली तर पुस्तकं दीडपट मावतात आणि झोळ पाचपट होतो. जाडीचं उलट आहे. जाडी दुप्पट केली तर झोळ आठव्या हिश्श्यावर येतो.

लांब फळीच हवी असेल तर पुढच्या कडेखाली दीड-दोन इंच उभी पट्टी मारून घ्या. दिसायलाही बरी दिसते आणि फळी ताठ राहते. मागची कड भिंतीच्या पट्टीवर टेकवली तर आणखी चांगलं. पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेला) प्लायपेक्षा लवकर वाकतो, तेव्हा त्याच्या फळ्या आखूडच ठेवा.

फळीची उंची हलवता येईल अशी भोकं मात्र सगळीकडे पाडून घ्या. कारखान्यात बनणाऱ्या बऱ्याच कपाटांत ही भोकं 32 मिलिमीटरच्या अंतराने असतात. कामाच्या दिवशी अर्ध्या तासाचा खटाटोप आहे, नंतर दहा वर्षं उपयोगी पडतो.

स्वयंपाकघरात ओट्याखाली फळ्या कराव्यात की खण?

खण. ओट्याची खोली 24 इंच असते, तिथे उथळ कपाट करता येत नाही. फळी केली तर मागचं काढायला गुडघे टेकून, डोकं आत घालून हात घालावा लागतो. खण मागचं सामान तुमच्यापर्यंत आणतो. चमचे-पळ्यांना 4 इंच उंचीचा, वाट्या-ताटल्यांना 7-8 चा, मोठ्या भांड्यांना 12 चा खण करा. चॅनल, म्हणजे खण ज्यावर सरकतो त्या पट्ट्या, पूर्ण बाहेर येणारे घ्या. तीन-चतुर्थांश बाहेर येणाऱ्या खणात मागचे पाच-सहा इंच कायम अंधारात राहतात. चॅनल किती किलो पेलतो तेही त्यावर लिहिलेलं असतं, ते वाचा. भांड्यांनी भरलेल्या तीन फुटी खणाला हलका चॅनल लावला तर वर्षभरात तो नाक खाली घालतो.

झाकणं विसरू नका. भांडी एकात एक बसतात, झाकणं बसत नाहीत. मोठ्या खणाच्या एका कडेला अडीच इंच रुंदीची उभी फट सोडली की झाकणं पुस्तकांसारखी उभी राहतात.

एल आकाराच्या ओट्याच्या कोपऱ्याचा प्रश्न तर प्रत्येकजण विचारतो. माझं मत विचाराल तर कोपरा मेला तर मरू द्या. दोन बाय दोन फूट बंद करून टाका आणि दोन्ही बाजूंना सरळ, रुंद खण घ्या. कोपऱ्याला लागून दोन इंचांची पट्टी मात्र सोडा, नाहीतर एका बाजूचा खण दुसऱ्या बाजूच्या मुठीला अडकतो.

वरच्या कपाटांना 12 ते 14 इंच खोली द्या, ओट्यापासून 18 ते 24 इंच उंचीवर. त्याहून खोल केलीत तर कपाळाला लागतात.

कुठली वस्तू कुठे, हे कोणत्या हिशेबाने ठरवायचं?

वापराच्या जागेपासून हात किती लांब जातो, या हिशेबाने. 1926 साली मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की यांनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं. ते जेमतेम 1.9 बाय 3.4 मीटरचं होतं. काम करणाऱ्याची पावलं मोजून त्याची मांडणी केली होती, आणि कोरडा शिधा ठेवायला हाताशी नाव लिहिलेले ॲल्युमिनियमचे खण होते, उचलून थेट भांड्यात ओतता येणारे. शंभर वर्षांनीही यात फारसं सुधारायला नाही. चादरी झोपायच्या खोलीजवळ, टॉवेल न्हाणीघराबाहेर, झाडू घराच्या मधोमध, आणि कात्री दोन ठिकाणी. सगळ्या कात्र्या एकत्र ठेवल्या की घरभर कात्री शोधावी लागते, हे तुम्हीही अनुभवलं असेल.

वेगळी कोठीची खोली हवी का?

जागा मुबलक असेल तर हवी. तंग असेल तर आधी गणित करा. 5 बाय 6 फुटांची कोठी म्हणजे 30 चौरस फूट. तीन भिंतींना 14 इंची फळ्या लावल्या तर जमिनीवर मोजून सुमारे साडेचौदा फूट लांबी मिळते. उरलेली अर्धी जागा तुम्हाला उभं राहायला लागते. तेच 10 फुटांच्या बोळाला एका बाजूने 14 इंच खोल कपाट केलं, तर 12 चौरस फुटांच्या आत दहा फूट लांबी मिळते, कारण उभं राहायची जागा बोळातली फुकट आहे. बोळ मूळचा सव्वाचार फूट रुंद ठेवला म्हणजे झालं. चालायला तीन फूट उरतात.

कोठी केलीच तर तिच्यात गरम पाण्याच्या नळ्या नकोत, शेगडीला लागून असलेली भिंत नको, आणि दार बाहेर उघडणारं हवं. आत उघडणारं दार अर्धी कोठी खातं.

दोन खोल्यांमधली भिंतच काढून तिथे कपाट केलं तर?

छान कल्पना आहे, आणि जुनी आहे. अमेरिकी डिझायनर जॉर्ज नेल्सन यांनी 1945 मध्ये ‘स्टोरेजवॉल’ या नावाने तीच मांडली होती: भिंत जाड करायची आणि तिच्या पोटात सामान ठेवायचं. भिंतीची जाडी वाचते आणि कपाटाचे कप्पे गरजेप्रमाणे इकडे किंवा तिकडे उघडतात. आवाज मात्र नुसत्या प्लायमधून आरपार जातो. एक बाजू झोपायच्या खोलीची असेल तर मध्ये आवाज अडवणारा थर घ्या. आणि ती भिंत भार पेलणारी नाही याची खात्री स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी करून घ्या, ठेकेदाराच्या ‘काही होत नाही’वर नको.

भिंतीत कोनाडे, फडताळं ठेवता येतील का?

येतील, भिंत उचलतानाच. उभ्या भिंतीत नंतर छिन्नी चालवू नका. कॉलम-बीमला तर अजिबात नाही. बाहेरच्या भिंतीत कोनाडा केला की तिथे भिंत पातळ होते आणि थंड पडते, मग ओल धरते. न्हाणीघरातल्या कोनाड्याला आधी वॉटरप्रूफिंग आणि तळाला बाहेरच्या दिशेने किंचित उतार हवा. सपाट तळावर पाणी साचतं आणि साबण कायम चिखलात बसतो.

जिन्याखालची जागा कशी वापरायची?

बहुतेक घरांत तिथे पुढून एक छोटं दार करतात आणि आत तीन फूट खोल गुहा तयार होते. पहिल्या वर्षी माणूस रांगत आत जातो. दुसऱ्या वर्षापासून सामान नुसतं ढकलतो. त्याऐवजी जिन्याच्या बाजूने उघडणारे, चाकांवर बाहेर येणारे उंच खण करा. सर्वांत उंच भागात उभे झाडू आणि व्हॅक्यूम क्लीनर, मधल्या भागात बूट, अगदी खालच्या त्रिकोणात हत्यारांची पेटी.

जिना लाकडी असेल आणि वरच्या मजल्यावरून बाहेर पडायची तीच वाट असेल, तर त्याच्याखाली रंगाचे डबे, थिनर, चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या ठेवू नका. विजेचा मुख्य बोर्ड तिथेच बसवायचा आग्रह होतो. बसवा, पण त्याच्यापुढचे तीन फूट कायम रिकामे राहणार असतील तरच. राहत नाहीत, असा अनुभव आहे.

माळा करावा का?

वर्षातून एक-दोनदा लागणाऱ्या वस्तूंसाठी करावा. खाली सात फूट मोकळे ठेवा आणि माळा दोन फुटांपेक्षा खोल करू नका, कारण शिडीवर उभं राहून हात तेवढाच जातो.

मोजायचं काय, तर सुटकेस. मोठी सुटकेस साधारण 30 इंच लांब, 20 रुंद आणि 12 जाड असते, वर चाकं आणि मूठ. एका घरी मी माळ्याची आतली उंची 15 इंच ठेवली होती आणि खूश होतो. झडपेची चौकट वरून-खालून दीड-दीड इंच खाते हे धरलंच नव्हतं. तोंड उरलं 12 इंचांचं. सुटकेस दारात अडकली, आत भरपूर जागा. घरमालकांनी ती आडवी, उभी, तिरकी करून बघितली आणि मग काही न बोलता माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून मी आतल्या मापाच्या शेजारी तोंडाचं माप वेगळं लिहितो.

उतरत्या छपराखालच्या पोटमाळ्याचं वेगळं आहे. छपराच्या कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे) सामानाच्या वजनासाठी आखलेल्या असतीलच असं नाही, तेव्हा तिथे सामान ठेवणार आहोत हे इंजिनिअरला आधी सांगा. आणि तिथे उन्हाळ्यात फार तापतं. फोटो, बॅटऱ्या, मेणाच्या वस्तू नकोत.

बंद कपाटात वास येतो, बुरशी धरते. काय चुकतं?

दोन गोष्टी. पहिली, घाई. काँक्रीटची ताकद 28 दिवसांची मोजतात, म्हणून लोकांना वाटतं तेवढ्यात ते वाळतंही. वाळायला महिने लागतात. ओल्या गिलाव्यावर कपाट ठोकलं की भिंतीतलं पाणी कपाटाच्या पाठीत येतं. दुसरी, बाहेरच्या भिंतीला चिकटवलेलं कपाट. घरातली दमट हवा कपाटामागे त्या थंड भिंतीपाशी जाऊन अडकते आणि तिथे दव धरतं.

शक्य असेल तर कपाटं आतल्या भिंतींना घ्या. बाहेरच्या किंवा न्हाणीघराच्या भिंतीला घ्यावीच लागली तर मागे एक-दोन इंच फट सोडा आणि खाली-वर हवा खेळायला जाळी द्या. सिंकखाली आणि न्हाणीघरात एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) वापरू नका. एकदा पाणी प्यायलं की ते फुगतं आणि परत बसत नाही.

फरशी कपाटाखालपर्यंत घालायची का?

हो. उद्या कपाट हललं तर खड्डा दिसत नाही, आणि पाणी सांडलं तर आत मुरत नाही. स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लावतात ती पट्टी) मात्र कपाटामागे लावू नका. तेवढ्या अर्ध्या इंचाने कपाट भिंतीपासून सुटतं आणि ती फट आयुष्यभर धूळ खाते. भिंत गुण्यात आहे का, तेही आधी तपासून घ्या. कोपरा काटकोनात नसेल तर कपाटाच्या कडेला मागे काही नाही आणि पुढे एक इंच अशी फट उरते.

दाराशी काय काय धरावं?

रोज घालायचे बूट, ओल्या छत्र्यांखाली पाणी साठवणारं ताट, किल्ल्या, पिशव्या, आणि आलेली पार्सलं टेकवायला हाताच्या उंचीची एक फळी. बूट तिरके उभे ठेवणारं कपाट आठ इंच खोलीतसुद्धा होतं. त्या कपाटाच्या दाराला जाळी हवी, बंदिस्त नको. कारण सांगायला नको.

कपाटात वीज कशाला?

व्हॅक्यूम क्लीनर, ड्रिल, टॉर्च हे सगळं कुठेतरी चार्ज व्हावं लागतं, आणि ते ‘कुठेतरी’ बहुधा जेवायचं टेबल होतं. झाडूच्या कपाटात एक सॉकेट द्या. राउटर मात्र बंद कपाटात घालू नका. तो तापतो आणि लोखंडी दारामागे सिग्नलही मरतो.

दिव्याचंही बघा. खोलीचा दिवा तुमच्या पाठीमागे असेल तर कपाटात तुमचीच सावली पडते. दिवा तुमच्या आणि कपाटाच्या मध्ये, वरून यायला हवा.

लहान मुलं आणि म्हातारपण, दोन्हीचा विचार कसा करायचा?

रोजच्या वस्तू दोन ते पाच फुटांच्या पट्ट्यात ठेवा, वाकायला नको आणि चढायलाही नको. व्हीलचेअरवर बसून हात कुठवर जातो, यासाठी अमेरिकेतल्या सार्वजनिक इमारतींच्या नियमांत 15 ते 48 इंच धरले आहेत. घरात कुणी व्हीलचेअरवर असेल तर तोच पट्टा घ्या. औषधं आणि साफसफाईची रसायनं उंचावर, कुलपात.

सुटी उंच कपाटं आणि खणांची टेबलं भिंतीला पट्टीने बांधाच. मूल खालचे खण उघडून पायऱ्यांसारखं चढतं आणि सगळं त्याच्या अंगावर येतं. जड सामान तळाला ठेवा. ही गोष्ट पहिल्याच दिवशी करायची. नंतर करू म्हटलेलं राहून जातं.

कागदावर सगळं बरोबर दिसतं. तरी खात्री कशी करायची?

भिंती छातीएवढ्या आल्या की खडू घेऊन जा. जमिनीवर प्रत्येक कपाट खऱ्या मापाने काढा, दाराचे कंस काढा, पलंगही काढा. मग त्यातून चाला. रिकामी बादली हातात घेऊन चाला, कपडे काढायला वाका, खण ओढल्यासारखं करून मागे सरका. पाठ कशाला लागते? एका बाईंनी असं करताना कपड्यांच्या कपाटापुढे दोन मिनिटं नुसतं उभं राहून सांगितलं, ‘इथे मी ओले केस पुसत उभी असते, आणि दार माझ्या कोपराला लागतंय.’ दार डाव्या हाताचं उजव्या हाताचं केलं. नकाशात ते कोणालाच दिसलं नव्हतं.

शिडी कुठे ठेवायची?

दुमडलेली घरगुती शिडी साधारण सहा फूट उंच, दीड फूट रुंद आणि सहा इंच जाड असते. झाडूच्या उभ्या कपाटात तिच्यापुरती सहा इंचांची फट सोडा आणि वर एक आकडा. इस्त्रीचं टेबलही त्याच फटीत तिच्या पुढ्यात उभं राहतं, मग फट दहा इंचांची करा. एका घरी शिडी माळ्यावर ठेवली होती. ती काढायला शेजाऱ्यांची शिडी आणावी लागायची.